ऊन पाण्याचा वैद्य : डॉ. एर्विन बेल्झ

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त देवळाच्या सभामंडपात दिलेले व्याख्यान)



गेले तीन दिवस ह्या मंडपात कीर्तने झाली, प्रवचने झाली. आज एका परदेशी डॉक्टराचे चरित्र ऐकण्यासाठी समितीने आपणांस बोलाविले आहे. देवळात डॉक्टराचे काय काम, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देवळाच्या खालच्या अंगाला आहे. तिथे आपले ऊन पाण्याचे कुंड आहे. जीर्णोद्धारात त्याच्या ढासळलेल्या पायऱ्या नव्याने बांधल्या गेल्या, बायकांसाठी आडोसा झाला. आता कुंडापाशी एक पाटी लावायची आहे आणि तिच्यावर काय लिहावे याविषयी गावात दोन मते आहेत. काहींचे म्हणणे, "ह्या पाण्याने सर्व त्वचाविकार व वातविकार समूळ बरे होतात" असे ठळक अक्षरांत लिहावे, म्हणजे लांबलांबून लोक येतील. आपली काही शिकलेली तरुण मंडळी म्हणतात की पाण्याने रोग बरा होतो ही भाबडी समजूत आहे, देवस्थानाने तिच्या नादी लागू नये.

ह्या दोन मतांच्या मधून एक वाट जाते. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी एक जर्मन डॉक्टर जपानमध्ये ती वाट चालला. त्याचे नाव डॉ. एर्विन बेल्झ. त्याची हकीगत मी सांगणार आहे. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. परंतु ही हकीगत समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

बेल्झचा जन्म १३ जानेवारी १८४९ रोजी दक्षिण जर्मनीतील वुर्टेंबर्ग राज्यात, बीटिगहाइम नावाच्या लहानशा गावी झाला. त्याने ट्युबिंगन आणि लाइपझिग येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि लाइपझिगला प्राध्यापक वुंडरलिश यांच्या हाताखाली तो सहायक झाला. हे वुंडरलिश कोण, ते आधी सांगितले पाहिजे. आज आपल्या घरी कोणाला कणकण वाटली की आपण थर्मामीटर लावतो. ही सवय जगाला ज्यांनी लावली त्यांपैकी हे प्रमुख गृहस्थ होत. हजारो रोग्यांच्या अंगातील उष्णता नियमाने मोजून त्यांनी १८६८ साली त्याविषयी ग्रंथ लिहिला. निरोगी माणसाच्या अंगची उष्णता सदतीस अंश सेंटिग्रेड धरावी, हा आकडा त्यांच्यामुळे रूढ झाला. "अंग तापले आहे" एवढे म्हणून भागत नाही, किती तापले ते मोजले पाहिजे, अशा गुरूच्या हाताखाली बेल्झ तयार झाला. पुढे तो ऊन पाण्याच्या झऱ्यांपाशी गेला, तेव्हा ही शिकवण त्याच्याबरोबर होती.

लाइपझिगला असताना एका जपानी वैद्यकीय विद्यार्थ्यावर उपचार करण्याचा प्रसंग बेल्झवर आला. त्या ओळखीतून त्याला जपानचे बोलावणे आले. १८६८ साली जपानमध्ये मेइजी सम्राटाची सत्ता आली होती आणि तेथील सरकार पाश्चात्त्य विद्या भराभर आत्मसात करीत होते. वैद्यकासाठी त्यांनी जर्मन पद्धती पसंत केली होती. १८७६ च्या जून महिन्यात बेल्झ जपानला पोहोचला आणि तोक्योच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवू लागला. हेच विद्यालय पुढल्या वर्षी तोक्यो विद्यापीठात सामील झाले. करार दोन वर्षांचा होता. बेल्झ राहिला एकोणतीस वर्षे. त्यांतली सव्वीस वर्षे त्याने अध्यापनात घालविली. त्याने एका जपानी स्त्रीशी संसार मांडला. राजघराण्याचा वैद्य म्हणूनही त्याची नेमणूक झाली. तान्ह्या बाळाच्या कमरेवर किंवा कुल्ल्यांवर निळसर डाग असतो आणि तो वयाबरोबर विरून जातो, हे आपल्या घरांतल्या बायकांना ठाऊक आहे. त्या डागाचे शास्त्रीय वर्णन करून त्याला नाव देणारा १८८५ सालचा डॉक्टर तो हाच बेल्झ.

जपानला गेल्यावर त्याला एक गोष्ट खटकली. त्याला भेटणाऱ्या शिकलेल्या जपानी लोकांना आपल्याच गतकाळाची लाज वाटत असे. जुने ते सारे रानटी, आपला खरा इतिहास आजपासून सुरू, असे ते बोलत. बेल्झने आपल्या रोजनिशीत ह्याची नोंद करून नापसंती दर्शविली आहे. आपल्या लोकांच्या जगण्यात जे चांगले आहे ते टाकून देणाऱ्याला परक्यांचा मान मिळत नाही, असे त्याचे मत होते. त्याने स्वतः जपानी तलवारबाजीचे धडे घेतले आणि विद्यार्थ्यांनी देशी व्यायाम सोडू नयेत असा आग्रह धरला. ह्याच दृष्टीने तो तेथील ऊन पाण्याच्या झऱ्यांकडे पाहू लागला.

जपान हा ज्वालामुखींचा देश. तेथे ऊन पाण्याचे झरे गावोगाव आहेत आणि त्यांत स्नान करण्याची परंपरा फार जुनी आहे. शेतीची कामे आटोपली की शेतकरी दोनतीन आठवड्यांचा शिधा बांधून घेऊन झऱ्यावर जाऊन राहत. तिकडे युरोपातही अशी स्थाने होती. बोहेमियातील कार्ल्सबाड, जर्मनीतील बाडेन-बाडेन ही त्यांतली नावाजलेली. पण एक फरक होता. युरोपातल्या मोठ्या स्थानांवर पाण्याचे रासायनिक पृथक्करण झालेले असे. कोणी किती पेले पाणी प्यावे, किती वेळ स्नान करावे, काय खावे, किती चालावे, हे डॉक्टर ठरवून देत. जपानमध्ये पाणी उत्तम आणि भरपूर होते, अनुभवही पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. परंतु त्याची नोंद, मोजमाप आणि शास्त्र नव्हते.

बेल्झने ही उणीव हेरली. १८८० साली जपानच्या खनिज झऱ्यांवरील त्याचे पुस्तक तेथील सरकारी आरोग्य खात्याच्या विद्यमाने प्रसिद्ध झाले. झऱ्यांच्या पाण्याचे प्रकार, त्यांचे उपयोग आणि स्नानगृहांच्या व्यवस्थेतील सुधारणा हा त्याचा विषय. पुढे सरकारनेही देशभरच्या झऱ्यांची पाहणी करून १८८६ साली त्यांची मोठी सूची छापली. १८८७ साली बेल्झने राजदरबाराच्या खात्याकडे एक टिपण पाठविले. हाकोने ह्या डोंगराळ भागात साऱ्या देशाला नमुना ठरेल असे एक आरोग्यस्नानाचे स्थान सरकारने उभारावे, अशी त्यात सूचना होती. ती अमलात आली नाही. इकाहो नावाच्या गावीही तो जात असे आणि तेथील पाणी पिण्यासाठी कसे वापरावे ते सांगत असे.

परंतु ज्या गावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले ते गाव म्हणजे कुसात्सू. जपानच्या गुन्मा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. पूर्वी तेथे थंडीबर्फामुळे हिवाळ्यात राहणे कठीण जाई, म्हणून गावकरी घरे बंद करून खालच्या वस्तीत उतरत आणि वसंतात परत वर येत. गावाच्या ऐन मध्यभागी ऊन पाण्याचा प्रचंड उमाळा आहे. वाफा निघत असतात, गंधकाचा वास पसरलेला असतो आणि लाकडी पन्हळींतून पाणी खेळविलेले असते. साऱ्या गावातील झऱ्यांचे मिळून दर मिनिटाला ३०,००० लिटरांहून अधिक पाणी आपोआप वर येते. ह्या उमाळ्याच्या वरच्या बाजूस, दगडी पायऱ्या चढून गेल्यावर एक बौद्ध मंदिर आहे. त्यातले दैवत आहे भैषज्यगुरू बुद्ध, म्हणजे औषधांचा गुरू. नाव आपल्याच संस्कृतातले आहे, हे सांगायला नकोच. पाण्याच्या काठी देऊळ बांधण्याची बुद्धी केवळ आपल्याच पूर्वजांना झाली असे नव्हे.

१८७८ च्या सुमारास बेल्झ पहिल्यांदा कुसात्सूला गेला. तेथील स्नानाची पद्धत आपण नीट ऐकावी. झऱ्याचे पाणी पन्नास अंशांहून अधिक कढत असते. त्यात थंड पाणी ओतले तर त्याचा गुण कमी होतो, अशी गावकऱ्यांची धारणा. म्हणून लोक हातांत लांब फळ्या घेऊन हौदाभोवती उभे राहत आणि सर्वांनी मिळून गाणी म्हणत पाणी घुसळून घुसळून निववीत. पाणी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर आले की प्रत्येकजण डोक्यावर तीसएक पळ्या पाणी ओतून घेई. मग स्नानप्रमुख इशारा देई आणि सारे एकदम हौदात उतरत. आत बसायचे फक्त तीन मिनिटे. स्नानप्रमुख मोठ्याने वेळ पुकारी, सगळे एका आवाजात त्याला ओ देत आणि तीन मिनिटे होताच सारे एकदम बाहेर. असे दिवसातून तीनचार वेळा, आणि हा क्रम कित्येक आठवडे.

आपण घरी न्हाणीघरात घेतो ते कढत पाणी चाळीस अंशांच्या आसपास असते. अठ्ठेचाळीस अंश म्हणजे काय, ह्याची कल्पना त्यावरून करावी. त्या काळच्या युरोपीय डॉक्टरांचा समज असा की इतक्या कढत पाण्यात माणूस उतरला तर त्याची शक्ती जाईल, बाहेर येताच त्याला सर्दीपडसे होईल. दुसरा एखादा विद्वान असता तर "हा अडाणीपणा बंद करा" असे सांगून घोड्यावर बसून परत गेला असता. बेल्झ थांबला. त्याने पाहिले, विचारले, मोजले. त्याच्या ध्यानात आले की वरवर अघोरी दिसणाऱ्या ह्या पद्धतीत मोठी शिस्त आहे. पाणी आधी निववितात. डोक्यावर पाणी ओतून शरीराला आधी सवय देतात. वेळ काटेकोर पाळतात. एकट्याने कोणी उतरत नाही. कोणाला भोवळ आली तर धरायला दहाजण असतात, आणि नजर ठेवणारा एक जाणता माणूस असतो. पुढे बेल्झने जपानच्या कढत स्नानावर जर्मन डॉक्टरांसाठी लेखन केले. कढत पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाच्या त्वचेतील रक्तवाहिन्या बराच वेळ रुंदावलेल्या राहतात, म्हणून थंडीतही तो लगेच गारठत नाही, असे त्याने समजावून सांगितले. खेड्यातल्या लोकांचा अनुभव विद्वानांच्या सभेत मांडण्याचे काम एका परक्या डॉक्टराने केले.

कुसात्सूवर तर त्याचे मन जडले. अशी हवा, असे पिण्याचे पाणी आणि असे झरे एकत्र सापडणे विरळा. हे गाव युरोपात असते तर कार्ल्सबाडपेक्षा जास्त गर्दी झाली असती, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. तेथे त्याने आरोग्यधामासाठी जमीनही मिळविली. परंतु ते आरोग्यधाम त्याच्या हयातीत उभे राहू शकले नाही. सांगण्याचा हेतू एवढाच की, ज्या माणसाला आज ते गाव आपला उपकारकर्ता मानते, त्याचा बेत त्याच गावात अपुरा राहिला. चांगल्या कामाला गावात लगेच वाट मिळतेच असे नाही. हे आपल्या समितीच्या मंडळींना मी वेगळे सांगायला नको!

ह्या माणसाचा स्वभाव कळावा म्हणून आणखी एक लहानशी गोष्ट. १८८३ च्या सुमारास हाकोने येथील एका हॉटेलात तो उतरला असताना तेथे काम करणाऱ्या मोलकरणीचे हात थंडीने व पाण्याने फुटून गेलेले त्याला दिसले, असे सांगतात. त्याने ग्लिसरीन, अल्कली, अल्कोहोल आणि पाणी ह्यांचे एक साधे, स्वस्त औषध तयार केले. ते "बेल्झचे पाणी" ह्या नावाने जपानमध्ये घरोघर गेले आणि तेथील अधिकृत औषधसूचीतही आले. ज्या डॉक्टराला राजवाड्यातून बोलावणे येई, त्याचे लक्ष भांडी घासणाऱ्या बाईच्या हातांकडे गेले, ही गोष्ट मला त्याच्या पदव्यांहून मोठी वाटते.

आता त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान न राहता स्तोत्र होईल. त्या काळी जपानमध्ये बेरीबेरीचा रोग फार होता. माणसाचे पाय सुजत, जड होत, हृदय थकून तो दगावे. हा रोग जंतूंमुळे होतो असे बेल्झचे मत होते. ते चुकीचे ठरले. ताकाकी नावाच्या जपानी नौदलाच्या डॉक्टराने १८८४ साली एका जहाजावरील खलाशांचा आहार बदलून दाखविला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. सडून सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ हे त्याचे मूळ होते; कोंड्याबरोबर जे जीवनसत्त्व जाते त्याच्या अभावी हा रोग होतो, हे पुढे सिद्ध झाले. आपल्या कोकणातला उकडा तांदूळ दिसायला लालसर, पण ते जीवनसत्त्व त्यात बऱ्याच अंशी टिकून राहते. सांगायचे ते हे की, मोठा डॉक्टरही चुकतो. म्हणून कोणाचाही शब्द, मग तो भगताचा असो की प्राध्यापकाचा, अनुभवाच्या कसोटीला लावूनच घ्यावा.

कुसात्सूच्या पाण्यानेही एक मोठी आशा पुरी केली नाही, आणि ती हकीगत मन हेलावणारी आहे. त्या पाण्याने जखमा सुकतात अशी ख्याती असल्यामुळे देशभरातून महारोगाने पीडलेले लोक तेथे येत. घरच्यांनी टाकलेले, गावाने हाकललेले हे लोक पाण्याच्या आशेने डोंगर चढत. गावाची भरभराट होऊ लागली तशी इतर यात्रेकरूंना त्यांची अडचण वाटू लागली. १८८७ साली त्यांची वस्ती गावाच्या खालच्या टोकाला युनोसावा येथे हलविण्यात आली. १९१६ साली मेरी कॉर्नवॉल ली नावाची इंग्रज बाई वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर तेथे येऊन राहिली. तिने रोग्यांसाठी घरे, शाळा आणि दवाखाना उभारला. १९३२ साली जवळच सरकारी रुग्णालय झाले, १९४१ साली ती जुनी वस्ती मोडली. रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा जपानचा कायदा तर १९९६ सालापर्यंत टिकला.

पाण्याने त्या रोग्यांच्या जखमा धुऊन निघत, काही काळ बरे वाटे. रोग मात्र जात नसे. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली त्या रोगाचा जंतू शोधला होता, पण त्यावर औषध नव्हते. आपल्या मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग ह्या रोगावर केले होते आणि त्याच जातीच्या झाडांचे तेल जपानमध्येही वापरीत. खरा उतारा १९४० नंतर निघालेल्या औषधांनी पडला आणि १९८० च्या दशकापासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आल्यावर हा रोग पुरता बरा होऊ लागला. आज एखादा रोगी चट्टा बधिर झाला म्हणून आपल्या कुंडावर आला आणि पाटीवरच्या अक्षरांवर विश्वासून सहा महिने स्नान करीत बसला, तर त्या सहा महिन्यांत त्याच्या हातापायांच्या नसा कायमच्या जातील. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते. त्या माणसाच्या गेलेल्या बोटांचे उत्तर मग कोणी द्यायचे? पाटीवर काय लिहावे हा प्रश्न मी लहान मानत नाही, तो ह्यामुळे.

कुसात्सूचे पाणी अगदीच निरुपयोगी होते असे मात्र नव्हे. ते अतिशय आम्ल आहे, जवळजवळ लिंबाच्या रसासारखे. त्वचेवर वाढणारे काही जंतू त्या पाण्यात तग धरीत नाहीत आणि काही चिवट त्वचाविकारांत त्याने आराम पडतो, असे अलीकडच्या काळातील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे गावकऱ्यांचा जुना अनुभव पोकळ नव्हता. त्याला मर्यादा होती. आणि ह्याच गुणाची दुसरी बाजू पाहा. त्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर काही दिवसांत विरघळून जातो. ते पाणी ओढ्यातून खालच्या नदीला मिळे, तेव्हा नदीत मासा जगत नसे, पुलाचे सिमेंट झिजे, शेतीला पाणी चालत नसे. १९६४ सालापासून तेथे चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून रात्रंदिवस नदीत सोडली जाते, तेव्हा कुठे खालच्या गावांना नदी वापरता आली. जे पाणी वरच्या गावाला औषध, तेच खालच्या गावाला अपाय. पाणी एकच, मात्रा आणि ठिकाण बदलले की गुण बदलतो.

आता आपल्याकडे वळू. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याने ऊन पाण्याच्या झऱ्यांची ओळ गेलेली आहे. परंतु आपले झरे कुसात्सूसारखे जागृत ज्वालामुखीचे नव्हेत. पावसाचे पाणी खडकांतल्या खोल भेगांतून पृथ्वीच्या पोटात उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. आपले पाणी आम्ल नाही. ते बहुधा सौम्य आणि किंचित क्षारयुक्त असते. तेव्हा जपानच्या झऱ्याचा गुण आपल्या कुंडाच्या नावावर मांडणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाच्या मार्कांवर आपल्या मुलाला पेढे वाटण्यासारखे आहे. ऊन पाण्यात बसल्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, थकलेले स्नायू सैल पडतात, झोप चांगली लागते. एवढे खरे, आणि एवढे कमी नव्हे. उन्हाळ्या-पावसाळ्यात राबणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

१९०१ साली बेल्झच्या जपानमधील सेवेला पंचवीस वर्षे झाली म्हणून मोठा समारंभ झाला. त्या वेळी त्याने आपल्या यजमानांना गोड बोलून खूष केले नाही. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता, की तुम्ही पाश्चात्त्य शास्त्राला एखादे यंत्र समजता. इथून उचलले, तिथे मांडले, की चालू. पण शास्त्र हे रोपासारखे असते. त्याला माती लागते, हवा लागते, निगराणी लागते. फळे तोडून आणता येतात, झाड मात्र आपल्या भूमीत वाढवावे लागते. ज्याने आपले आयुष्य त्या भूमीत घालविले होते त्यालाच असे बोलण्याचा अधिकार होता. १९०५ साली तो मायदेशी परतला आणि ३१ ऑगस्ट १९१३ रोजी स्टुटगार्ट येथे वारला. तोक्यो विद्यापीठाच्या आवारात त्याचा अर्धपुतळा आहे, कुसात्सूतही आहे. १९६२ साली कुसात्सू आणि बेल्झचे जन्मगाव ह्यांनी एकमेकांशी भगिनीगावांचे नाते जोडले.

त्याने लावलेले रोप कसे वाढले, तेही पाहू. १९४८ साली जपानने ऊन पाण्याच्या झऱ्यांविषयी खास कायदा केला. त्यानुसार प्रत्येक स्नानगृहात पाटी लावावी लागते आणि पाण्यात कोणती द्रव्ये आहेत, ह्या पाण्यात कोणत्या रोग्याने उतरू नये, उतरताना काय काळजी घ्यावी, हे त्या पाटीवर लिहावे लागते. ज्या देशात हजारो झरे आहेत, ज्यांच्यावर गावेच्या गावे पोट भरतात, त्या देशाने पाटीवर आधी सावधानतेचा मजकूर लिहिला. आणि त्यामुळे तेथील गर्दी कमी झाली नाही. खरे सांगणाऱ्या ठिकाणावर लोकांचा विश्वास बसतो.

म्हणून माझी समितीला नम्र सूचना अशी आहे. पाटी जरूर लावावी. कुंडाचे पाणी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि निघालेले घटक पाटीवर लिहावेत. कुंडाशेजारी थर्मामीटर ठेवून पुजाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळ पाण्याची उष्णता फळ्यावर लिहावी. पाऊसकाळात आणि उन्हाळ्यात ती किती बदलते, हे दोन वर्षांत आपल्यालाच कळेल. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेले, गरोदर स्त्रिया, फार वृद्ध माणसे आणि लहान मुले ह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, कोणीही एकट्याने उतरू नये, जेवून लगेच उतरू नये, उघडी जखम असताना सामायिक कुंडात उतरू नये, अंगावरील बधिर चट्टा आधी सरकारी दवाखान्यात दाखवावा, हे मोठ्या अक्षरांत असावे. साबण आणि कपडे कुंडाच्या बाहेर, हेही. आणि सर्वांत खाली लिहावे : "ह्या पाण्याने शरीराला आराम मिळतो. औषध चालू असल्यास बंद करू नये."

आपल्या तरुण मित्रांनाही दोन शब्द सांगतो. आजोबा पन्नास वर्षे ज्या पाण्यात गुडघे शेकत आले, त्या पाण्याला हसणे फार सोपे आहे. हसू नका, मोजा. बेल्झ परक्या देशातून, परक्या भाषेतून येऊन एका डोंगरातल्या खेड्यातल्या हौदाच्या काठी बसू शकला. तुमची तर भाषाही तीच आहे आणि कुंड घरापासून दोनशे पावलांवर आहे.

देणगीदारांनी देवळाला दिलेल्या पैशातून कुंडाच्या पायऱ्या झाल्या. त्या पायऱ्यांवरून उतरणारा माणूस बहुधा दुखणाईत असेल, थकलेला असेल, आणि बहुतेक वेळा गरीब असेल. तो आपल्या अंगणात पाहुणा म्हणून येणार आहे. पाहुण्याला पाणी द्यावे ही आपली रीत आहे, आणि पाणी देताना ते कसे आहे हे खरे सांगावे, हीही त्याच रीतीतली गोष्ट आहे.